ताटाची कड

“गवरी, दक्षिणेकडचा पाहुणा आला. चपला बोलतायत बघ.”

मी अद्याप उंबरठ्याच्या आत पाऊलही टाकले नव्हते. जोधपूरच्या त्या अरुंद, निळ्या भिंतींच्या गल्लीत फेब्रुवारीचे ऊन उभे होते आणि आतल्या काळोखातून हे शब्द आले. मी क्षणभर माझ्या पायांकडेच पाहिले. कोल्हापुरी नवी होती, तिचा करकर आवाज होत होता हे खरे. परंतु तेवढ्यावरून माणसाचा मुलूख ओळखणारा मनुष्य मला तोपर्यंत भेटला नव्हता.

“या, आत या. वाकून या हो, चौकट ठेंगणी आहे,” असे म्हणत साठीची एक बाई ओढणीच्या टोकाला हात पुसत पुढे आली. “आमच्या ह्यांना परक्याच्या चपलेतलं सगळं कळतं. घरची चौकट मात्र अजून कळत नाही. रोज आपटतात.”

“चौकट बोलत नाही ना,” आतून उत्तर आले. “ती बोलली असती तर मीही वाकलो असतो.”

डोळे अंधाराला सरावल्यावर मला तो म्हातारा दिसला. डोक्याला फिका गुलाबी फेटा, चेहऱ्यावर देवीचे खोल वण, आणि दोन्ही डोळ्यांच्या जागी मिटलेल्या पापण्या. त्याचे नाव पूनाराम. त्या बाईचे नाव गवरीबाई. त्यांची बोली मारवाडी आणि माझी हिंदी मोडकी. तथापि त्या दिवशीचे बोलणे मला आजही जसेच्या तसे स्मरते, म्हणून ते मी आपल्या भाषेत लिहीत आहे.

मी रखमाजी धोंडीबा औटी, मुक्काम ओतूर, शिक्षण इयत्ता सातवी. एका पुणेरी सहल मंडळीत मी आचारी होतो. आमच्या मंडळींची रीत अशी होती की प्रवासी न्यावयाचे वाळवंटात, आणि जेवू घालावयाचे घरचे. मी गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, आंबेमोहोर तांदूळ असे सर्व काही पोत्यांतून राजस्थानभर वाहून नेत असे. किल्ला पाहून, उंटावर बसून आलेला प्रवासी पानावर बसला की वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर पाहून समाधानाने डोळे मिटत असे. परंतु त्या वर्षी काही तरुण प्रवाशांनी तक्रार केली की, आम्ही जोधपूरपर्यंत येऊन तिथले काहीच खाल्ले नाही. त्यावर आमचे मालक बापटसाहेब यांनी ठरविले की, जोधपूरच्या मुक्कामी एक दुपार मोकळी ठेवावी आणि चांगल्या, स्वच्छ अशा आठ खाद्यगृहांची एक पत्रिका छापून प्रत्येकाच्या हाती द्यावी. ती पत्रिका तयार करण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपविले. जिभेची पारख मला आहे म्हणून, आणि माझे अक्षर चांगले आहे म्हणूनही.

आयुष्यात प्रथमच माझे लिहिणे छापले जाणार होते. चार दिवस मी वही घेऊन ते शहर तुडविले. घंटाघराजवळचा मिरची वडा खाल्ला, कांद्याची कचोरी खाल्ली, पाकात बुडविलेली मावा कचोरी खाल्ली, चमचा उभा राहील अशी केशरी लस्सी घेतली, एका ढाब्यावर दाल-बाटीसाठी तासभर बसलो. प्रत्येक ठिकाणी मी प्रथम भांडी घासण्याची जागा पाहत असे. माझे वस्ताद मला तसे शिकवून गेले होते: आधी मोरी पाहायची, मग चूल पाहायची, आणि मन भरले तरच खायला बसायचे. गवरीबाईंच्या खानावळीत मात्र भुकेने माझा क्रम चुकला. मी आधी बसलो.

“बाजरीचा सोगरा चालेल ना, भाया?” गवरीबाईंनी विचारले. भाया म्हणजे भाऊ.

“मावशी, आमच्याकडे बाजरीचीच भाकरी खातात.”

“पण तुम्ही ती परातीत थापता म्हणे?”

“हो.”

“म्हणजे तुमची भाकरी निजते. आमची हातावर नाचते.” असे म्हणून त्यांनी दोन तळव्यांत पिठाचा गोळा फिरवीत फिरवीत बघता बघता तव्याएवढा केला.

“फार नाचवू नकोस, तो बिचारा भुकेला आहे,” पूनारामजी म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला दिसत नाही, नाचते का रांगते ते.”

“वास नाचतो ना.”

जाड सोगरा, त्याच्या मध्ये खळगा करून सोडलेले तूप, बाजूला गूळ, लसणीची लाल चटणी, कैर-सांगरीची भाजी आणि मिरचीची फोडणी दिलेली कढी. मी आचारी मनुष्य. दुसऱ्याच्या स्वयंपाकात मला खोट लगेच दिसते. त्या ताटात मला खोट सापडली नाही. मी तीन सोगरे खाल्ले.

“तुमच्या मंडळींतले थोडे लोक गेली तीन वर्षं तुमचं पान सोडून येतात हो इथे,” गवरीबाई म्हणाल्या. “तुमचा इथला एजंट आणतो. ते येतात म्हणून चूल पेटते. गल्लीतले आता स्टेशनाकडच्या गाड्यांवर जातात. त्यांना सोगरा आठवतो तो फक्त आजारी पडल्यावर.”

मी वहीत लिहिले: अन्न उत्कृष्ट.

मग हात धुण्यासाठी जागा शोधीत मी मागल्या अंगणात गेलो. गवरीबाईंनी एका लहानशा लोट्याने माझ्या हातांवर पाणी घातले, तेही बेताने, आणि सांडलेले पाणी खाली ठेवलेल्या एका रोपाच्या कुंडीत गेले. तेथे मोरी नव्हती. नळ नव्हता. कोपऱ्यात तीन ढीग होते. एक जाड वाळूचा, एक कापडाने गाळलेल्या पिठासारख्या वाळूचा, आणि एक राखेचा. पूनारामजी चाचपडत आले व त्या ढिगांसमोर मांडी घालून बसले. माझे उष्टे काशाचे ताट त्यांनी मांडीवर घेतले. प्रथम जाड वाळू, मग राख, मग बारीक वाळू, शेवटी कोरडे फडके. त्यांचा तळवा गोल गोल फिरत होता आणि ओठ हलत होते. काहीतरी मोजत असावेत. पाण्याचा एक थेंबही त्यांनी त्या ताटाला लावला नाही.

माझ्या गावी मांडवी नदी वाहते. आमच्याकडे भांडे तीन पाण्यांतून निघते. मी ज्या ताटात तीन सोगरे खाल्ले होते तेही असेच निघाले असणार, हे मनात येताच मी ओले हात पुन्हा एकदा सदऱ्याला पुसले.

“मध्ये सगळेच घासतात,” पूनारामजी म्हणाले. मी मागे उभा आहे हे त्यांना चपलांवरून कळले होते. “कड राहते. कडेच्या वळणात बोट फिरवायचं. नवशिक्याची कड नेहमी राहते.” त्यांनी अंगठ्याचे टोक ताटाच्या कडेवरून सावकाश फिरविले, एका जागी थांबले, चिमूटभर वाळू घेतली, पुन्हा फिरविले. मग ते ताट त्यांनी माझ्यासमोर धरले. “बघा. तोंड दिसतं का तुमचं?”

“प्रत्येकाला विचारतात,” गवरीबाई आतून म्हणाल्या. “सांगून टाका, नाहीतर सोडायचे नाहीत.”

मी त्या ताटात पाहिले. माझा चेहरा, फेटेवाल्या म्हाताऱ्याचा खांदा आणि वरचे निळे आकाश असे सर्व त्यात स्पष्ट दिसत होते. परंतु माझे मन त्या वेळी वाळूत अडकले होते. मी थोडा थांबलो.

“दिसतं,” मी म्हणालो.

पूनारामजींनी मान डोलावली.

बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी मी वही उघडली आणि ‘अन्न उत्कृष्ट’ याच्या पुढे लिहिले: ‘तथापि भांडी धूत नाहीत.’

पुण्यास परतल्यावर बापटसाहेबांनी माझी वही कचेरीत सर्वांसमोर मोठ्याने वाचली.

“‘सदर दुकानातील मिरची वडा आकाराने थोर असून स्वभावाने उग्र आहे. नाजूक प्रकृतीच्या प्रवाशांनी तो दुरूनच पाहावा.’ वा! रखमाजी, शाळा का सोडलीत हो तुम्ही?”

“वडील गेले, साहेब.”

“अरेरे. पण भाषा बघा! आमच्या या बी.ए. झालेल्या मंडळींना ‘सदर’ कुठे घालायचं ते कळत नाही.”

मी खाली पाहिले, पण माझे कान तापले होते. असे कौतुक माझ्या वरणाचेही कधी झाले नव्हते.

“आणि हे काय? ‘भांडी धूत नाहीत’?”

“वाळूने घासतात, साहेब. पाणी लावत नाहीत.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

“अहो, आपले लोक जातात तिथे! उद्या कुणी आजारी पडलं तर नाव कुणाचं जाईल? छे छे.” ते थोडा विचार करून म्हणाले, “पण अन्न उत्कृष्ट म्हणता. मग असं करा. पत्र लिहा त्यांना. नळ घ्या, साबण ठेवा, धुणारी बाई ठेवा, वाळू बंद. नाहीतर आमची माणसं येणार नाहीत. एजंट वाचून दाखवील. अक्षर तुमचंच चांगलं आहे, तुम्हीच लिहा.”

मी ते पत्र हिंदीत लिहिले. ‘स्वच्छता’ हा शब्द त्यात तीनदा आणि ‘आरोग्य’ दोनदा घातला. खाली मंडळींचा शिक्का मारला. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले आणि आपण दोघांचेही भले केले असे मला वाटले.

नोव्हेंबरात हंगामाची पहिली सहल निघाली. पत्रिका छापून आली होती आणि तिच्यात आठव्या क्रमांकावर गवरीबाईंची खानावळ होती; एजंटाने कळविले होते की बाईंनी सर्व अटी पाळल्या. मोकळ्या दुपारी मी मोठ्या उमेदीने तेथे गेलो. आपल्या लेखणीने झालेली सुधारणा डोळ्यांनी पाहावी, एवढाच हेतू.

दारात मी मुद्दाम पाय वाजविले. आतून कोणी काही बोलले नाही.

मागल्या अंगणात सिमेंटची मोरी झाली होती. नळाला पिवळी तोटी होती. शेजारची एक बाई फेसात हात घालून ताटे खळखळ धूत होती. तिन्ही ढीग गेले होते. त्या जागी खाट टाकलेली होती आणि तिच्यावर पूनारामजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचा उजवा तळवा स्वतःच्या गुडघ्यावर गोल गोल फिरत होता. धोतर त्या जागी विरले होते.

“राम राम, बाबोसा,” मी म्हणालो.

“दक्षिणेकडचे,” ते हळूच म्हणाले. “चपला जुन्या झाल्या. आता कमी बोलतात.”

मला हसू आले. त्यांना आले नाही.

“भाया, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही ताटात पाहिलं होतंत. तोंड दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मग ते पत्र कुणी लिहिलं असेल?”

नळाचा आवाज चालू होता. त्या म्हाताऱ्याने मान वळविली होती, आणि मिटलेल्या पापण्या माझ्याकडे होत्या. ‘मी लिहिले’ हे दोन शब्द आहेत. ते माझ्या तोंडातून आले नाहीत.

“कचेरीतून आलं असेल,” मी म्हणालो.

“असेल,” ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

जेवताना गवरीबाईंनी वाढले. मीच विचारले, “मावशी, बाबोसांना बरं नाही का?”

“बरं नाही असं काही नाही. जेवत नाहीत. ताट ओलं लागतं म्हणतात. मी पुसून देते, तरी म्हणतात ओलं आहे.” त्या चुलीशी बसल्या. “पाचव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. फलोदीकडे आमचं गाव. पाणी चार कोसांवरून उंटावर यायचं. घरात आंधळं पोर, काय करणार? सासूने पुढ्यात वाळू टाकली आणि म्हणाली, घास. तेव्हापासून घासतायत. लग्नात मला सांगितलं, तुझा नवरा पाहू शकत नाही, पण त्याच्या हातची थाळी राजाने बघावी. खोटं नव्हतं.”

“पण मावशी, पाण्याने…”

“भाया, आमच्याकडे पाण्याने भांडं धुणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडचं पाणी भांड्याला पाजणं. वाळू उन्हात तापते, तिच्यात काही जगत नाही. तेलकट ओढून घेते. पन्नास वर्षांत आमच्या ताटावरचा माणूस आजारी पडला असं कुणी सांगावं!” त्या थांबल्या. “तुमच्या साहेबांना हे कसं माहीत असणार? त्यांच्याकडे पाऊस पडतो. त्यांचा राग नाही. पण इथे तुमची माणसं आली नाहीत तर चूल नाही, आणि वाळू ठेवली तर तुमची माणसं नाहीत. मी एक निवडलं. ह्यांना विचारलंही नाही.”

त्या ताटाला साबणाचा फिकट वास येत होता. मी सोगरा तसाच ठेवून उठलो.

स्टेशनाजवळच्या टेलिफोन बूथवरून मी बापटसाहेबांना पुण्यास फोन लावला. जे ऐकले ते सांगितले. वाळू स्वच्छ असते, माझे चुकले, ती अट काढून टाका असे म्हणालो.

“अहो रखमाजी, तुम्हीच म्हणालात धूत नाहीत!”

“चुकलो, साहेब.”

“बरं. पण असं फोनवर नको. भागीदारांना दाखवायला काहीतरी कागद हवा. लिहून द्या. तुम्ही लिहिलंत की पटेल त्यांना. मी सही करतो. एजंटाकडे पाठवून देऊ.”

“लगेच लिहितो, साहेब.”

मी बाहेर आलो तेव्हा मला फार हलके वाटत होते. त्याच दिवशी गल्लीत परत जाऊन पूनारामजींना सांगता आले असते. परंतु मला वाटले, रिकाम्या हाताने काय जायचे. कागद घेऊनच जावे, आणि तो असा लिहावा की वाचणाऱ्याने पुन्हा कधी वाळूला नाव ठेवू नये.

गावी परतल्यावर मी लिहावयास बसलो. पहिले वाक्य मी अकरा वेळा खोडले. ‘वाळू’ हा शब्द मला घरगुती वाटला. ओतूरच्या शाळेतील गुरुजींकडून मी शब्दकोश मागून आणला आणि त्यात ‘वालुका’ व ‘सिकता’ हे शब्द मिळाले. कोणता अधिक शोभेल या विचारात दोन दिवस गेले. मरुभूमीचे वर्णन हवे असे वाटले, ते लिहिले. पूर्वी आपल्या लेखणीकडून प्रमाद घडला हे लिहावयाचे होते, परंतु ते अशा रीतीने की कचेरीतील मंडळींनी हसू नये. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की मी कंदिलाशी बसत असे. दोन पाने झाली, तीन झाली, मग शाई बरी नाही म्हणून पुन्हा उतरविली.

डिसेंबरात दुसरी सहल जोधपूरला गेली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. खिशात कच्चा कागद होता आणि शेवटचा परिच्छेद मनासारखा उतरला नव्हता. मी उभा राहिलो, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेतल्या, आणि मागे फिरलो. पुढल्या खेपेस पूर्ण घेऊन येऊ, असे मनाशी म्हटले.

जानेवारीच्या सुरुवातीस मी तो लेख बापटसाहेबांच्या टेबलावर ठेवला. चार पाने होती. त्यांनी वाचली, मधे दोनदा चष्मा काढून पुसला, आणि खाली लाल शाईने ‘मान्य’ असे लिहून सही केली.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण एवढं कशाला हो? मला वाटलं तुम्ही विसरलात. पोस्टकार्डावर दोन ओळी टाकल्या असत्यात तरी नोव्हेंबरातच सही केली असती.”

कागद घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

संक्रांतीनंतर आठव्या दिवशी आमची गाडी जोधपूरला पोहोचली. त्या दिवशी मी स्वयंपाकही दुसऱ्यावर सोपविला आणि सकाळीच गल्लीत गेलो. खानावळीचे दार अर्धे उघडे होते. चूल थंड होती. गवरीबाई पांढरट रंगाची जाडीभरडी ओढणी घेऊन भिंतीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मनगटांवर काही नव्हते.

मला विचारावे लागले नाही.

“परवाच बारावा झाला,” त्या म्हणाल्या. “बसा, भाया.”

मी उंबरठ्यातच बसलो.

“थंडीने म्हणतात. वैद्य म्हणाला, अंगात काही राहिलंच नव्हतं. शेवटी शेवटी चादरीचा काठ घासत होते. मी म्हटलं, अहो, ती चादर आहे. म्हणाले, कड राहिली आहे.”

मग त्यांची दृष्टी माझ्या खिशाकडे गेली. मी नकळत तेथे हात धरला होता.

“काय आणलंय?”

“कागद आहे, मावशी. साहेबांची सही आहे त्यावर.”

“वाचा.”

“आता कशाला…”

“वाचा. आणलाय ना एवढ्या लांबून.”

मी तो मराठी लेख हिंदीत करीत वाचू लागलो. मरुभूमी आली, सिकता आली, सूर्यनारायणाचा प्रखर ताप आला, प्रमाद आला. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमत होता. गवरीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या, जशी माणसे कथेला बसतात तशा. दोन पाने संपल्यावर त्यांनी हात वर केला.

“फार चांगलं लिहिलंय, भाया. पण मला एकही शब्द कळला नाही. म्हणजे काय लिहिलंय ते सांगा.”

मी कागदावरून नजर काढली.

“वाळूने घासलेली ताटं स्वच्छ असतात,” मी म्हणालो.

“आणि?”

“आणि… एवढंच.”

“एवढंच,” त्या म्हणाल्या.

मग मी सांगितले. वहीत काय लिहिले ते, कचेरीत काय म्हणालो ते, आणि ते पत्र कोणी लिहिले ते. बोलताना माझी हिंदी अगदीच मोडली. त्यांनी मला मधे थांबविले नाही.

“त्यांना माहीत होतं,” माझे झाल्यावर त्या म्हणाल्या.

“कसं?”

“तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ‘दिसतं’ म्हणायला वेळ लावलात. त्याच संध्याकाळी मला म्हणाले, या माणसाला तोंड दिसलं पण ताट आवडलं नाही. मी म्हटलं, तीन सोगरे खाल्ले की त्याने. म्हणाले, म्हणूनच, भला माणूस आहे, पुन्हा येईल आणि स्वतः सांगेल.” त्यांनी ओढणी सारखी केली. “नोव्हेंबरात तुम्ही गेल्यावर मी विचारलं, सांगितलं का त्याने? म्हणाले, नाही. पण सांगेल. डिसेंबरात एक दिवस म्हणाले, गवरी, दक्षिणेकडच्या चपला गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. मी बाहेर येऊन बघितलं. कुणी नव्हतं.”

मी माझ्या चपलांकडे पाहिले. त्या उंबरठ्याबाहेर एकमेकींवर चढून पडल्या होत्या.

गवरीबाई उठल्या. त्यांनी चूल पेटविली. मी नको नको म्हणत असता त्यांनी एक सोगरा केला आणि काशाच्या ताटात तूप-गुळासह माझ्यापुढे ठेवला. त्या समोर बसून होत्या, म्हणून मी तो संपविला.

“ताट नळावर ठेवू?” मी विचारले.

त्यांनी मान हलविली. आत जाऊन त्या एक पाटी घेऊन आल्या. पाटीत जाड वाळू होती, एका कोपऱ्यात बारीक वाळूची कापडी पुरचुंडी होती, एका कोपऱ्यात राख. आता आत नेलेल्या त्या खाटेखाली ती त्यांनी इतके महिने झाकून ठेवली होती. त्यांनी पाटी अंगणात, खाटेच्या जागी, माझ्यासमोर ठेवली आणि बाजूला बसल्या.

मी मांडी घातली. प्रथम जाड वाळू घेतली. ती थंडगार होती आणि बोटांत काचेसारखी टोचत होती. तळवा गोल फिरविला. मग राख, मग बारीक वाळू, मग फडके. चाळिशीला आलेला आचारी होतो मी, पण माझे बोट सोलवटले. ताट चमकू लागले. त्यात प्रथम आकाश दिसले आणि मग माझे तोंड दिसले. मी ते दोन्ही हातांनी उचलून गवरीबाईंना दिले.

त्यांनी ताटात पाहिलेच नाही. डोळे मिटले, आणि अंगठ्याचे टोक कडेवरून सावकाश फिरवीत नेले. एका जागी अंगठा थांबला.

“कड राहिली आहे, भाया,” त्या म्हणाल्या, आणि ताट परत माझ्या मांडीवर ठेवले.

मी चिमूटभर वाळू घेतली.